मुक्काम पोस्ट माळरान

आमच्या सोलापुरात पाल ठोकून राहणं ही कधी हौसेची गोष्ट नव्हती. गावाबाहेरच्या माळावर पालं दिसली की समजायचं, पोटामागे फिरणारी माणसं आली आहेत. कधी मेंढरं घेऊन निघालेले धनगर, कधी जडीबुटी विकणारे, कधी ऐरण आणि भाता घेऊन फिरणारे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहायच्या आणि माझ्या वर्गातल्या पटावर चार महिन्यांसाठी चार-सहा नावं वाढायची. एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला सांगितला की ती मुलं पेन तोंडात धरून बसून राहायची. पुढे मी विषयाचं नावच बदललं आणि 'आमचा मुक्काम' असं ठेवलं. मग त्यांच्या वह्या भरू लागल्या.

हे सांगण्याचं कारण असं की, कॅनडात माझ्या मुलाने "अम्मी, शुक्रवारी कॅम्पिंगला जाऊ या" असं म्हटलं तेव्हा मला आधी हसूच आलं. चांगलं गरम पाण्याचं घर सोडून, पैसे भरून, रांगेत आगाऊ बुकिंग करून माणसं इथे पालात झोपायला जातात. ज्याला घर आहे त्यालाच बेघर होण्याची मजा परवडते, असं मी सुनेला म्हटलं. ती हसली आणि स्लीपिंग बॅगा मोजायला लागली.

मुलगा रजायनाला राहतो. सस्कॅचवन नावाच्या प्रांताची ही राजधानी. त्याचे अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्याने माझ्यासाठी सुपर व्हिसा काढला, ज्यावर आई-वडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत मुलांकडे राहता येतं. मी एप्रिलमध्ये आले. घरात दखनी, नातवाशी मोडकं इंग्रजी आणि फोनवर मैत्रिणींशी मराठी, असे दिवस चालले होते. मुलाला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण आमच्या घरात मोठ्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर बोलायची पद्धत नाही.

जुलै संपत आला होता. आम्ही पश्चिमेकडे निघालो. मूस जॉ मागे पडलं आणि जमीन ताटासारखी सपाट झाली. दीडेक तासाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र काहीतरी चमकायला लागलं. उन्हाळ्यात बर्फ कसा, असं नातवाला विचारलं तर तो म्हणाला, "दादी, दॅट्स सॉल्ट." ते चॅप्लिन सरोवर. या सरोवराला बाहेर वाहून जायला वाट नाही. आत आलेलं पाणी उन्हाने उडून जातं आणि क्षार तेवढे राहतात. त्यातून सोडियम सल्फेट काढतात. त्या खारट पाण्यात माशांना जगणं अवघड, पण बारीक कोळंबीसारखे जीव कोट्यवधींनी वाढतात, आणि ते खायला उत्तर ध्रुवाकडे निघालेले इवलेसे किनारपक्षी इथे उतरतात. लोणारचं पाणी पाहिलेलं असल्यामुळे मला हे ओळखीचं वाटलं. तिथेही पाण्याला जायला वाट नाही.

असे लहानमोठे पाणवठे या मुलखात जिकडे तिकडे आहेत. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी इथून हिमनद्या मागे हटल्या तेव्हा बर्फाचे मोठमोठे तुकडे मातीत गाडलेले राहिले. ते वितळले आणि तिथे खड्डे पडले. त्यांतल्या पाण्यावर उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून जास्त बदकं वाढतात, असं सांगतात. वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीला प्रत्यक्षात देवीचे व्रण असावेत तसे हे पाण्याचे व्रण आहेत.

स्विफ्ट करंटवरून आम्ही दक्षिणेला वळलो आणि व्हाल मारी या जेमतेम शे-सव्वाशे वस्तीच्या गावाला पोहोचलो. तिथून पुढे ग्रासलँड्स नॅशनल पार्क. नावातच सगळं आलं. हे गवताचं राष्ट्रीय उद्यान आहे. आपल्याकडे वाघ असला की अभयारण्य आणि झाडं असली की जंगल. गवताला आपण 'पडीक' म्हणतो, आणि सातबाऱ्यावर त्याची नोंदही तशीच होते. इथेही फार वेगळं घडलेलं नाही. सस्कॅचवनमधल्या मूळ गवताळ जमिनीपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी आज उरली आहे. बाकीची नांगराखाली गेली. जे उरलं त्यातला एक तुकडा राखावा असं ठरलं आणि १९८१ मध्ये तसा करार झाला. पण उद्यान कायद्याने पक्कं व्हायला २००१ साल उजाडलं.

फ्रेंचमन नावाच्या नदीच्या खोऱ्यात कॅम्पग्राउंड आहे. मुलाने आणि सुनेने तंबू उभा केला. वारा इतका की खुंटी ठोकेपर्यंत कापड दोन वेळा हातातून सुटलं. मी सोलापुरी चादर घातली आणि चौघड्यांवर दगडाऐवजी आमच्या पिशव्या ठेवल्या, कारण इथला दगड हलवायचा नाही असा नियम होता. तो का, ते पुढे कळलं. ही चादर माझ्या मिस्टरांच्या कारखान्यातली. तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाच्या हाताखालून गेलेली. खाण्याचं ओझं आम्हाला नव्हतंच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की सोलापूरकराला चूल लागत नाही. शेजारच्या तंबूतली माणसं स्टोव्ह पेटवायला वाऱ्याशी झगडत होती, तोवर आमचं जेवण उरकलं.

पहिल्या संध्याकाळी मी एकटीच थोडी चालत गेले. गवत गुडघ्याएवढंही नव्हतं. मध्ये मध्ये राखाडी रंगाची सेजची झुडपं, हात लावला की ओव्याच्या जवळ जाणारा कडवट वास. निवडुंगाचे ठिपके. एका चढावर प्रेअरी डॉगची वसाहत होती. नाव कुत्र्याचं, पण जात खारीची. कॅनडात हे प्राणी रानात फक्त याच भागात आढळतात. बिळाच्या तोंडाशी उभं राहून पुढचे दोन्ही हात वर करायचे, मान मागे टाकायची आणि ओरडायचं. एकाने केलं की दुसरा, मग तिसरा. नातू म्हणाला, "दादी, ते अजान देतात." मी त्याला रागावले नाही.

नमाजची वेळ झाली तेव्हा मला नेहमीचाच प्रश्न पडला. जन्मभर मी पश्चिमेला तोंड करून उभी राहिले. सोलापुरात किब्ला म्हणजे मावळतीकडे. इथे मात्र ईशान्येला उभं राहावं लागतं. पृथ्वी गोल आहे, इथून मक्केचा जवळचा रस्ता ग्रीनलंडवरून जातो, हे मुलाने पहिल्याच दिवशी संत्रं हातात घेऊन समजावून सांगितलं होतं. डोक्याला पटलं होतं. पायांना पटायला महिने लागले. त्या माळावर भिंत नाही, मशीद नाही, शेजारच्याच्या जानमाजची दिशा नाही. फक्त कंपासची सुई आणि आभाळ. मावळता सूर्य डाव्या खांद्याच्या मागे ठेवून मी नियत केली. प्रवासात असल्यामुळे दिवसातल्या चार रकातींच्या नमाजा दोनच पढायच्या होत्या.

इथे शब्दांबद्दल थोडं बोलते. शिक्षिकेची सवय आहे, चालवून घ्या. पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचा इरादा असेल तर हनफी मताप्रमाणे माणूस 'मुसाफिर' असतो आणि नमाज कमी करतो. त्याहून जास्त राहायचं ठरवलं की तो 'मुकीम' होतो आणि पूर्ण पढतो. हा 'मुकीम' आणि आपला मराठी 'मुक्काम' एकाच अरबी धातूतून आलेले. उभं राहणं, टिकणं हा त्याचा अर्थ. गंमत अशी की मराठीत 'मुक्काम' दोन्हीकडे चालतो. "आज मुक्काम कुठे?" म्हणजे एका रात्रीपुरता, आणि पत्रावर 'मुक्काम पोस्ट' लिहिलं की कायमचा. कुठला खरा, हे शब्द सांगत नाही. ते आपल्या मनातल्या इराद्यावर असतं.

दुसऱ्या दिवशी एका टेकाडावर दगडांची वर्तुळं पाहिली. शेवाळ चढलेले, अर्धे मातीत रुतलेले दगड. अंतर सारखं, रचना गोल. लाकोटा, क्री, असिनिबॉइन, ब्लॅकफूट अशा लोकांचे तंबू इथे लागायचे. तंबूच्या कडा वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवायचे. निघताना तंबू उचलायचे, दगड तिथेच सोडायचे. पुढच्या वर्षी परत येऊ तेव्हा कामी येतील. म्हणून इथला दगड हलवायचा नाही. ते तंबू बायसनच्या म्हणजे इथल्या रानगव्याच्या कातड्याचे असत. मला कुरआनमधली सूरह नहल आठवली. तिथे अल्लाहने दिलेल्या देणग्या मोजताना घरांच्या बरोबरीने जनावरांच्या कातड्यांच्या तंबूंचाही उल्लेख आहे, मुक्कामाला आणि कूच करायला हलके असणारे तंबू. इतकी वर्षं तो भाग पढताना डोळ्यांपुढे अरबस्तानच यायचा. त्या वर्तुळापुढे उभी असताना वाटलं, ही देणगी इथेही पोहोचलेली होती.

ती माणसं कुठे गेली? मुलाने फोनवर वाचून दाखवलं, घरी आल्यावर मीही वाचलं. काही कोटी बायसन या गवतावर चरत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जेमतेम काहीशेंवर आले. कातड्यासाठी मारले, रेल्वे आली तेव्हा मारले, आणि ज्या माणसांचं पोट त्यांच्यावर चालतं त्यांना वाकवायचं होतं म्हणूनही मारले. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सैन्याला हरवल्यावर सिटिंग बुल हा लाकोटा सरदार आपल्या हजारो माणसांना घेऊन १८७७ मध्ये सीमा ओलांडून इकडे आला. आम्ही उभे होतो तिथून पूर्वेला वुड माउंटनचा मुलूख आहे, तिथे त्यांचे तळ होते. चार वर्षं ते राहिले. सरकारने राहायला जमीन दिली नाही, बायसन संपत चालले होते, पोरं उपाशी मरू लागली. १८८१ मध्ये तो परत गेला आणि शरण आला. कोणी हाकलून दिलं नाही, फक्त मुक्काम पोस्ट दिलं नाही. तेवढ्याने काम झालं.

जे इथलेच होते त्यांच्याशी १८७४ मध्ये क्वापेल येथे करार झाला, त्याला चौथा करार म्हणतात. त्यानंतर त्यांना राखीव वस्त्यांमध्ये बसवलं. १८८५ नंतर वस्तीबाहेर जायचं तर सरकारी अधिकाऱ्याकडून पास घ्यावा लागायचा, आणि गंमत म्हणजे तसा कायदा कधी झालेलाच नव्हता. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण मी सोलापूरची आहे. आमच्या शहरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. फिरत्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं आणि तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ती तार होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ती माणसं सुटली. माझ्या वर्गात त्यांची नातवंडं होती. म्हणून मला एवढं नक्की कळतं की, फिरणाऱ्या माणसाला एका जागी बांधणं आणि राहणाऱ्या माणसाला उठवणं, या दोन गोष्टी एकच हात करतो.

शेजारच्या तंबूत एक शेतकरी जोडपं होतं, सत्तरीच्या पुढचं. शेंगाचटणीच्या वासाने ओळख झाली. त्यांनी खाऊन पाहिली आणि पाण्याची बाटली संपवली. आजोबा सांगत होते की त्यांचे आजोबा युक्रेनहून आले, दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळवली आणि गवताचा थर फोडला. या गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. वर वीतभर, खाली पुरुषभर मुळं. तो थर विटांसारखा कापून पहिल्या वर्षी त्याचीच घरं बांधली. जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने १८५७ ते १८६० या काळात हा मुलूख पाहून इथे शेती होणार नाही असं सांगितलं होतं. पावसाची चार बरी वर्षं आली, लोक ते विसरले. मग १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि मुळं नसलेली माती वाऱ्यावर उडून गेली. मी त्यांना आमच्या १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगितलं. मी अकरा वर्षांची होते. अम्मी खडी फोडायला जायची, आणि सुकडीचा वास अजून नाकात आहे. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुष्काळाची भाषा भाषांतर करावी लागत नाही.

त्याच दुपारी बायसन पाहिले. डिसेंबर २००५ मध्ये एल्क आयलंड उद्यानातून ७१ जनावरं इथे आणली आणि पुढच्या वर्षी मोकळी सोडली. सव्वाशे वर्षांनी ती या गवतावर परतली. जुलै-ऑगस्ट हा त्यांच्या माजाचा काळ. टोणगे घशातून असा आवाज काढतात की छातीत घुमतो. शंभर मीटरच्या आत जायचं नाही. आम्ही गाडीतच बसलो. एकाने जमिनीवर लोळण घेतली, धूळ उडाली, आणि उठून तो आमच्याकडे न बघताच निघून गेला. सेज ग्राउस नावाचा पक्षी मात्र दिसला नाही. वसंतात त्याचे नर ठरलेल्या जागी जमून छातीच्या पिशव्या फुगवून नाचतात. कॅनडात आता तो फार थोडा उरला आहे. आमच्या नान्नजचा माळढोकही असाच गळ्याची पिशवी फुगवतो. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि मी सहल घेऊन जायचे तेव्हा तो दिसायचाही. आता वर्षानुवर्षं त्याची वाट बघावी लागते. दोघांनाही झाडं नको आहेत, विहिरी नको आहेत, फक्त 'पडीक' हवं आहे. तेवढंच द्यायला माणूस तयार नसतो.

सूर्य नऊला मावळला आणि इशाची वेळ व्हायला अकरा वाजले. २००९ पासून हा भाग अंधाराचं अभयारण्य आहे. दिवे लावायला मनाई. मी चादर पांघरून बाहेर बसले. लहानपणी आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. अब्बा बाजेवर, आम्ही भावंडं सतरंजीवर ओळीने. त्यानंतर एवढं आभाळ मी पाहिलं नव्हतं. आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आणि मध्ये काहीच नाही, एक खांबसुद्धा नाही. तेव्हा कळलं की मी कॅम्पिंगला पहिल्यांदा आलेले नाही. माळवद पडलं, स्लॅब आला, पंखा आला, आणि आम्ही आत गेलो.

पहाटे दोनच्या सुमाराला वादळ आलं. माळावर वादळ लांबूनच दिसतं. आधी पश्चिमेला विजा, आवाज नाही. मग वारा. मग तंबूचं कापड गालाला लागायला लागलं. मोकळ्या माळावर वीज सर्वात उंच गोष्ट शोधते आणि तिथे सर्वात उंच गोष्ट आपणच असतो. मुलाने नातवाला उचललं आणि आम्ही गाडीकडे धावलो. मी आयतल कुर्सी पढत होते. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "डरो नक्को, अम्मी." दखनीत त्याने बऱ्याच दिवसांनी हाक मारली होती. आमचं हे 'नक्को' मराठीकडून आलेलं. भीतीच्या वेळी माणसाच्या तोंडून खरी भाषा निघते.

नातू आणि सून मागच्या सीटवर झोपी गेले. काचेवर पाऊस आपटत होता. तेव्हा तो बोलला. नागरिकत्वाचा फॉर्म आठ महिन्यांपासून भरून ठेवला आहे. पाठवला नाही. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. इथली शपथ घेतली की तिथला पासपोर्ट परत करायचा. नोकरीसाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, सगळ्याच दृष्टीने ते सोयीचं आहे. "पण अब्बा असते तर काय म्हणाले असते?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. माझ्या मनात जे होतं ते पासपोर्टबद्दल नव्हतं. वाचकांपैकी जे मुसलमान आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आयुष्यभर आम्हाला विचारलं गेलं, "तुम्ही मूळचे कुठले?" मराठी शिकवते म्हटल्यावर, "अरे वा, किती शुद्ध बोलता!" स्टाफरूममध्ये, बसमध्ये, भाड्याचं घर शोधताना. माझे मिस्टर हसून म्हणायचे, "मूळचा मंगळवार पेठेतला." आणि कधी टीव्हीवर कोणी 'निघून जा' म्हणालं की ते आवाज बंद करायचे, टीव्ही नाही. चित्र चालू राहायचं. त्यांच्या मुलाने तो पासपोर्ट परत केला, तर त्या विचारणाऱ्यांच्या हातात आपणच उत्तर दिल्यासारखं होईल का? हा प्रश्न मुलाने विचारला नव्हता, पण गाडीत आमच्या दोघांमध्ये तोच बसलेला होता.

सकाळी तंबू आडवा पडलेला होता. चादर मात्र सुकली तेव्हा होती तशीच.

घरी आल्यावर मी त्या माळावर आधी आलेल्या आपल्या लोकांबद्दल वाचायला लागले. सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात रॉस नावाचं लहानसं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीरिया-लेबनॉनकडचे काही मुसलमान तिथे आले, त्यांनी जमिनी घेतल्या, गवत फोडलं, गहू पेरला. आधी घराघरांत नमाज होई. १९२९ मध्ये त्यांनी मशीद बांधली. अमेरिकेत मशीद म्हणून बांधलेल्या अगदी पहिल्या इमारतींत ती गणली जाते. मुलं शहरांकडे गेली, मशीद ओस पडली आणि १९७० च्या दशकात पाडली गेली. २००५ मध्ये त्यांच्या वंशजांनी त्याच जागी एक छोटीशी मशीद उभी केली. तिच्या शेजारी कब्रस्तान आहे. मी फोटो पाहिला. गवत, वारा आणि कबरी.

कॅनडातली पहिली मशीद एडमंटनची, अल रशीद, १९३८ सालची. तिच्यासाठी जागा मागायला महापौरांकडे गेल्या त्या बायका. हिल्वी हमदान हे त्यांच्या म्होरकीचं नाव. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी शहरातल्या दुकानादुकानांत जाऊन वर्गणी मागितली, मुसलमान असो वा ख्रिस्ती वा ज्यू. उद्घाटनाला कुरआनचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्ला यूसुफ अली हजर होते. त्यांचा जन्म १८७२ चा, मुंबईचा. आपल्या मुंबईचा माणूस डिसेंबरच्या थंडीत त्या प्रेअरीवर उभा होता, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही पुन्हा निघालो, या वेळी लास्ट माउंटन सरोवराच्या काठावर. नव्वदेक किलोमीटर लांब, चिंचोळं पाणी. त्याच्या उत्तर टोकाला १८८७ मध्ये पक्ष्यांसाठी जागा राखून ठेवली, उत्तर अमेरिकेतलं ते पहिलं सरकारी पक्षी अभयारण्य. रात्री थंडी कडक होती. तंबूत मी दोन चादरी पांघरल्या. पहाटे फजरच्या आधी आवाज सुरू झाला. लाकडी चाकं करकरावीत तसा, पण वरून. सँडहिल क्रेन, म्हणजे करकोचे. हजारोंनी पाण्यावर रात्र काढतात आणि उजाडताना कापणी झालेल्या शेतांत दाणे वेचायला निघतात. थंडी वाढली की टेक्सासकडे जातात. त्यांचे पांढरे भाऊबंद, व्हूपिंग क्रेन, १९४१ मध्ये रानात वीस-बावीसच उरले होते. तेही आता काही शेकड्यांवर पोहोचले आहेत. आम्हाला ते दिसले नाहीत.

थंडीत आमच्या हिप्परगा तलावावरही करकोचे येतात. जात वेगळी, ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. लहानपणी मला वाटायचं ते सोलापूरचेच आहेत आणि उन्हाळ्यात सुट्टीला जातात. मंगोलियातल्या एखाद्या मुलीला वाटत असेल ते तिच्या गावचे आहेत आणि हिवाळ्यात कुठेतरी जातात. दोघींचंही खरं आहे.

नातू दुर्बिणीतून मोजत होता आणि दर वेळी चुकत होता. मुलगा चहा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला म्हटलं, "फॉर्म पाठव."

तो काही बोलला नाही.

"तुझे अब्बा काय म्हणाले असते ते मला माहीत नाही. मी माझं सांगते. जे विचारतात, त्यांना तू पासपोर्ट ठेवलास तरी उत्तर पुरणार नाही आणि दिलास तरी पुरणार नाही. त्यांच्यासाठी तू तुझ्या मुलाचं आयुष्य ठरवू नकोस. मी ऑक्टोबरच्या शेवटी परत जाते. मला तिथे माझं घर आहे, दर जुम्याला तुझ्या अब्बांच्या कबरीवर जायचं असतं, आणि दोन पोरी दहावीच्या मराठीसाठी माझ्याकडे येतात. उन्हाळ्यात परत येईन."

"आणि मध्येच काही झालं तर?"

हाच त्याचा खरा प्रश्न होता, एप्रिलपासूनचा. मी म्हटलं, "तिथे झालं तर तिथे, इथे झालं तर इथे. माणूस जिथे जातो तिथल्याच मातीत त्याला ठेवावं, आपल्या दीनमध्येही तेच चांगलं मानलंय. माझं शरीर विमानात घालून फिरवू नका. फक्त दगडावर नाव मराठीत लिहा."

त्याने बराच वेळ मान खाली घातली होती. मग विचारलं, "आणि खाली मुक्काम पोस्ट काय लिहायचं?"

"तेवढी जागा राहिली तर बघू," मी म्हटलं. चहा थंड झाला होता, तो मी तसाच प्यायले. मग नातवाला हाक मारली आणि त्याला मराठीत एकपासून मोजायला बसवलं.